कॅमेरे, हजेरी मशीन, स्मार्ट टीव्ही : वार्षिक देखभालीत आम्ही नेमकं काय करतो

दवाखाना असो, दुकान असो की एमआयडीसीतला छोटा कारखाना, काँप्युटर किती आहेत हे मालक चटकन सांगतात. इंटरनेटला जोडलेल्या बाकीच्या वस्तू किती, असं विचारलं की आकडा चुकतो. कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आठवतात, पण बोटाचा ठसा घेणारं हजेरी मशीन, वायफाय प्रिंटर, वेटिंग रूममधला स्मार्ट टीव्ही, दारावरची व्हिडिओ बेल आणि एसीचा स्मार्ट प्लग राहून जातात. या प्रत्येकात एक छोटा काँप्युटर आहे. त्यावर अँटिव्हायरस चालत नाही, आणि तो बसवून गेलेला माणूस बहुधा परत फिरकलेला नसतो.

आमच्या कॅमेऱ्यात कोणाला काय मिळणार?

पहिली गोष्ट म्हणजे चित्रण. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोचल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. मुळात तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला, हा प्रश्न पासवर्डच्या आधीचा. दवाखान्याचं काम घेताना आम्ही तो विचारतो आणि असा कॅमेरा काढून टाकायला सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ते यंत्रच. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कंपनीतून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाच्या. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला या फौजेने साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेक ठिकाणी तासन्‌तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता, कारण चित्र नेहमीसारखंच दिसत होतं. मिराई फक्त चालू मेमरीत राहायचा, म्हणजे वीज जाऊन आली की तो पुसला जाई. पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येई. म्हणून ‘एकदा बंद करून चालू करा’ हा उपाय इथे पुरत नाही.

आम्ही काय करतो

आधी यादी. राउटरला काय काय जोडलेलं आहे ते यंत्रावर पाहतो, मग प्रत्यक्ष फिरून प्रत्येक वस्तू शोधतो. छतावरच्या पोटमाळ्यात धूळ खात चालू असलेला जुना डीव्हीआर अशाच फेरीत सापडतो.

मग वाटणी. बिलिंगचा किंवा टॅलीचा काँप्युटर आणि कॅमेरे एकाच नेटवर्कवर असू नयेत. कॅमेऱ्यात शिरलेल्याला तिथून तुमच्या हिशेबापर्यंत जाता येऊ नये, एवढाच हेतू. कॅमेरे आणि हजेरी मशीन एका बाजूला, पाहुण्यांचं वायफाय आणि टीव्ही दुसरीकडे, कामाचे काँप्युटर तिसरीकडे. याची थोडी गैरसोय होते हे आधीच सांगतो : मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायचा असेल तर मोबाइलही टीव्हीच्याच वायफायवर घ्यावा लागेल. प्रिंटर सगळ्यांना लागतो, त्याला तेवढीच वाट मोकळी ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो राउटरमध्ये. घरबसल्या मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणारा राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवतो. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतलेल्यांकडे हे हमखास दिसतं. त्या पोर्टातून तुम्हाला कॅमेरा दिसतो तसा जगात कोणालाही लॉगिनचा पडदा दिसतो. आम्ही ते बंद करतो. उपकरणांना आपणहून पोर्ट उघडायची मुभा देणारी राउटरमधली यूपीएनपी ही सोयही बंद करतो. बाहेरून पाहायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्यासाठीची बंदिस्त वाट, देतो, किंवा कंपनीचं अ‍ॅप ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीसह.

पासवर्ड प्रत्येक उपकरणाला वेगळा, आणि त्यांची यादी बंद पाकिटात तुमच्या हाती. उद्या करार दुसऱ्याला दिलात तरी अडवणूक नको. जुन्या कंत्राटदाराची आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी काढतो. खरं सांगायचं तर बाहेरच्या हॅकरपेक्षा, सोडून गेलेल्या मॅनेजरच्या मोबाइलवर कॅमेरे अजून दिसताहेत, हे आम्हाला जास्त वेळा आढळतं.

फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणाच्या आतल्या प्रोग्रॅमचं, अपडेट तुमच्या सुट्टीच्या दिवशी, आधी सेटिंगची प्रत घेऊन. याचा कंटाळा करू नये. 2021 मध्ये हिकव्हिजन या कंपनीच्या कॅमेऱ्यांत असा दोष निघाला होता की पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्याच्याशिवाय ताबा घेता येत होता. अपडेट हाच त्यावरचा इलाज होता. ज्या उपकरणाचं अपडेट कंपनीने कायमचं थांबवलं आहे ते बदला असं आम्ही लेखी कळवतो. नवं कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्यायला हवं असं नाही.

नवे कॅमेरे घेताना एक बघा. एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने सुरक्षेच्या कसोट्या सक्तीच्या केल्या आहेत. दुकानदाराकडे त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. ‘जुना माल आहे, स्वस्तात देतो’ असं ऐकू आलं तर स्वस्त का आहे ते उघड आहे.

जाता जाता डीव्हीआरचं घड्याळही जुळवतो. चोरीचं चित्रण आहे पण वेळ चुकीची, मग पोलिसांपुढे समजावत बसावं लागतं.

काय करत नाही

तुमचं चित्रण आम्ही पाहत नाही. डीव्हीआर चालू आहे का, हार्ड डिस्क भरते आहे का, एवढंच दुरून कळतं. ‘कधीच हॅक होणार नाही’ असंही लिहून देत नाही. तसं देणाऱ्यापासून जपून राहा.

गडबड झालीच तर उपकरणाची नेटवर्क केबल काढा, पण ते बंद करू नका आणि रीसेटही करू नका, नाहीतर पुरावा जाईल. मग आम्हाला फोन करा, रात्री असला तरी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायची असते. तो अर्ज भरायला आम्ही मदत करतो. त्याच आदेशात यंत्रणेच्या नोंदी (लॉग) 180 दिवस ठेवायला सांगितलं आहे. तुमच्या राउटरच्या नोंदी आम्ही तेवढ्या काळासाठी जपतो.

पहिल्या भेटीआधी इंटरनेट कंपनीचं बिल, कॅमेरे बसवल्याची पावती आणि राउटरचा पासवर्ड काढून ठेवा. पासवर्ड सापडला नाही तर राउटर पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो आणि तेवढा वेळ नेट बंद राहतं, म्हणून गर्दीची वेळ टाळून बोलवा. कॅमेरे ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलवर दिसतात त्या सगळ्यांची नावंही लिहून ठेवा.