आहारातील वनस्पतिजन्य घटकांचे शोषण

धान्ये, डाळी, भाज्या, फळे व मसाले यांतील रंगद्रव्ये, टॅनिने, तिखट-कडवट द्रव्ये आणि खनिजे आतड्यातून रक्तात जाणे, तेथे त्यांचे रूपांतर होणे व अखेर ती शरीराबाहेर पडणे, ही प्रक्रिया. खाल्लेल्या घटकाचा जेवढा अंश रक्तात पोहोचतो, त्याला जैवउपलब्धता म्हणतात. पाकिटावर छापलेला आकडा पदार्थात घटक किती आहे एवढेच सांगतो. शरीराला किती मिळाले याचा हिशेब वेगळा असतो.

वनस्पतिपेशींच्या भित्ती माणसाला पचत नाहीत. चावल्याने, वाटल्याने व शिजवल्याने त्या फुटतात, तेव्हाच आतले घटक मोकळे होतात. पॉलिफिनॉल गटातील (टॅनिने व अनेक रंगद्रव्ये याच गटात येतात) बरीच द्रव्ये साखरेच्या रेणूला जोडलेली असतात. लहान आतड्यातील विकरे (एन्झाइम) ही साखर तोडतात, मग उरलेला भाग पेशीत शिरतो. आतड्याच्या पेशी आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून पाण्यात विरघळणारा बनवतात. त्यामुळे रक्तात फिरते ते बहुधा मूळ द्रव्य नसतेच. पॉलिफिनॉलांचा मोठा भाग तर न शोषता मोठ्या आतड्यात जातो आणि तेथील जिवाणू त्याचे लहान रेणू करतात.

कॅरोटीन हे भाज्या-फळांतील पिवळे-नारिंगी रंगद्रव्य स्निग्धात विरघळते. पुण्यातील लग्नाच्या पंगतीत वाढली जाणारी अळूची पातळ भाजी भरपूर शिजवलेली असते व तिच्यावर तेलाची फोडणी असते. कॅरोटीन शोषले जाण्यासाठी दोन्ही गोष्टी अनुकूल आहेत. मात्र अळूतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून अळूतील कॅल्शियम पूर्णपणे उपयोगी पडत नाही.

लोहाच्या बाबतीत पुणेरी न्याहारीचे उदाहरण बोलके आहे. मटकीतील फायटेट हे फॉस्फरसयुक्त द्रव्य लोह व जस्ताला धरून ठेवते. मटकी भिजवून मोड आणले की दाण्यातील फायटेज विकर फायटेटचा काही भाग तोडते. मिसळीवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. लगोलग अमृततुल्यमध्ये, म्हणजे चहाच्या दुकानात, घेतलेला चहा मात्र याच्या उलट काम करतो: त्यातील टॅनिने लोहाला बांधतात आणि शोषण घटवतात. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी चहा जेवणाखाण्यानंतर निदान तासाभराने घ्यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस ४०२८ या गव्हाच्या वाणात लोह व जस्ताचे प्रमाण वाढवलेले आहे. असे वाण फार मोलाचे आहेत, पण त्यांचाही लाभ फायटेट आणि सोबतच्या आहारावर अवलंबून राहतो.

हळदीतील कर्क्युमिनविषयी बरेच अतिरंजित बोलले जाते. ते अत्यल्प शोषले जाते आणि शोषलेलेही झपाट्याने रूपांतरित होते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतील २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले, तेव्हा जैवउपलब्धता सुमारे २० पट वाढली. पण हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असते. म्हणजे २ ग्रॅमसाठी ६०-७० ग्रॅम हळद लागेल. वरणातल्या चिमूटभर हळदीला या प्रयोगाचा निष्कर्ष लावता येत नाही. शिवाय पिपेरिन ज्या विकरांना आवर घालते, तीच अनेक औषधांचाही निचरा करतात. नियमित औषधे घेणाऱ्यांनी हळद-मिरीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

रूपांतरित द्रव्ये मूत्रावाटे किंवा पित्तातून आतड्यात उतरून मलावाटे बाहेर पडतात; काही वाटेत जिवाणूंच्या क्रियेने मोकळी होऊन पुन्हा शोषली जातात. कॅफीन जवळजवळ संपूर्ण शोषले जाते व निरोगी प्रौढात त्याचे प्रमाण सुमारे ५ तासांत निम्मे होते.

व्यक्तिगणिक फरक मोठा असतो. डाळिंबातील एलॅजिटॅनिन या टॅनिनांपासून आतड्यातील ठरावीक जिवाणू युरोलिथिन नावाचे लहान रेणू तयार करतात. हे जिवाणू सर्वांच्या आतड्यात नसतात, त्यामुळे काही जणांच्या शरीरात डाळिंब खाऊनही युरोलिथिन जवळजवळ तयार होत नाही.