बोगोटाचा बटाटा, ॲमेझॉनचं विष

कोलंबिया विषुववृत्तावरचा देश. आपल्यासारखे उन्हाळा-हिवाळा तिथे नाहीत. कुठे काय पिकणार हे ठरतं समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर. अँडीजच्या तीन रांगा देशातून उभ्या गेल्यात, त्यामुळे केळीच्या बागेतून निघालेली बस काही तासांत बटाट्याच्या शेतांत पोचते. किनाऱ्यावर नारळाच्या दुधातला भात, मेदेयीनच्या डोंगरात राजमा, आणि राजधानी बोगोटात अहियाको.

अहियाको म्हणजे कोंबडी, मक्याचं कणीस आणि तीन जातींचे बटाटे घातलेला दाट रस्सा. वाढताना वरून साय, केपरच्या खारवलेल्या कळ्या आणि ॲव्होकॅडो. बोगोटा साधारण २६०० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं आणि जाळ कितीही वाढवला तरी त्यापुढे तापत नाही. भाजीच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन मग सावकाश सैल होतं, राजमा तर तासन्‌तास दाद देत नाही. पण बटाट्यातला स्टार्च ६०-७० अंशांच्या आसपासच पाणी शोषून फुगतो. रस्सा दाट व्हायला उंची आड येत नाही, आणि पीठही लावावं लागत नाही.

तीन जाती का, याचं उत्तर पातेल्यात दिसतं. सबानेरा शेवटपर्यंत अख्खा राहतो. पास्तुसाच्या कडा झिजतात. क्रियोया हा लहानसा पिवळाधमक बटाटा मात्र पुरता विरघळतो, रश्श्याला दाटपणा आणि रंग देऊन. तो पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराच्याच घराण्यातला. आपल्या नेहमीच्या बटाट्यात ४८ गुणसूत्रं असतात, क्रियोयात २४. शिवाय काढणीनंतर तो विश्रांती घेत नाही, लगेच कोंब फुटतात. साठवणार कसा? म्हणून परदेशात तो बहुधा गोठवलेला नाहीतर बरणीतला मिळतो.

एवढं असूनही बोगोटाकर म्हणतील, ग्वास्कास नसेल तर तो अहियाकोच नव्हे. ग्वास्कास म्हणजे वाळवलेला पाला, शेवटी शेवटी घालायचा. वनस्पती गालिन्सोगा पार्विफ्लोरा, झेंडूच्या कुळातली. इवलंसं पिवळं फूल आणि भोवती पाच पांढऱ्या पाकळ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती लंडनच्या क्यू उद्यानात पोचली आणि तिथून निसटली. आज ती जगभरचं तण आहे. आपल्याकडेही थंड हवेच्या शेतांतून ती उपटून बांधावर फेकतात!

डोंगर उतरून दक्षिणेला ॲमेझॉनच्या जंगलात गेलं की बटाटा संपतो, कसावा सुरू होतो. (आपल्या उपासाचा साबुदाणाही याच कंदाचा.) तिथले आदिवासी मुद्दाम कडू जात लावतात, जिच्यात लिनामरिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. कंद किसला की पेशी फुटतात, त्यांच्यातलं विकर लिनामरिनपर्यंत पोचतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. हे विष साधारण २६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उष्णता लागली की उडून जातं. बायका किसलेला लगदा विणलेल्या लांब नळीत भरून पिळतात आणि चोथ्याची कासाबे नावाची भाकरी मोठ्या तव्यावर भाजतात. पिळून निघालेला रस सर्वांत घातक. पण तोही टाकत नाहीत: तासन्‌तास उकळून, आटवून, मिरची घालून त्याची काळी चटणी करतात आणि माशाबरोबर खातात.