गोळीवरचे आवरण, ओल आणि वनस्पतिजन्य घटक

साखरेच्या आवरणाचा काळ थोडक्यात आटोपता येईल. आधी लाखेचा किंवा मक्यातल्या झीन या प्रथिनाचा थर देऊन ओल अडवायची, मग फिरत्या कढईत पाकाचे थर चढवायचे. काम काही दिवस चाले, गोळीही चांगलीच जड होई. १९५०च्या दशकात पातळ फिल्म आली. त्यात पुढे सर्वाधिक रुळला तो लाकूड-कापसाच्या सेल्युलोजपासून बनणारा एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइल सेल्युलोज) हा पदार्थ. १९७०च्या दशकापासून आगीच्या आणि प्रदूषणाच्या भीतीने फिल्मचा पदार्थ विरघळवायचे सेंद्रिय द्रावक (सॉल्व्हंट) मागे पडून त्यांच्या जागी पाणी आले. आता आवरणाने गोळीचे वजन जेमतेम २-३ टक्के वाढते. मात्र हा एचपीएमसी बाष्प फारसे अडवत नाही. ॲस्पिरिनला ओल लागली की बाटली उघडताच व्हिनेगरचा वास येतो, तो यामुळेच की औषध फुटून ॲसेटिक ॲसिड तयार झालेले असते.

खरा वाद टायटॅनियम डायऑक्साइडचा. या पांढऱ्या खनिजामुळे आवरण अपारदर्शक होते आणि निफेडिपिनसारखी (रक्तदाबावरचे औषध) प्रकाशाने बिघडणारी औषधे टिकतात. जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२१मध्ये म्हटले. २०२२मध्ये तिथे ते खाद्यपदार्थांतून गेले. तुटवड्याच्या भीतीने औषधांत मात्र तूर्त राहिले. ब्रिटन आणि कॅनडातल्या तज्ज्ञांना हा निष्कर्ष पटला नाही. पर्याय म्हणून तांदळाचा स्टार्च पुढे आला. पण तेवढीच अपारदर्शकता हवी तर थर जाड द्यावा लागतो. म्हणजे जास्त फवारणी आणि गोळीला ओल व उष्णता जास्त वेळ. चर्चा सुरक्षिततेभोवतीच फिरली, टिकाऊपणाकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात तर हा प्रश्न टाळताच येत नाही. भारतात औषध किती टिकते याच्या दीर्घकालीन चाचणीसाठी ३० अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता धरतात. जुलैत गगनबावड्याकडची हवा त्याहून कितीतरी दमट असते. बाभळीचा डिंक, चिंचोक्याची पूड हा आपल्याकडचा कच्चा माल आवरणासाठी तपासावा, हे योग्यच. पण डिंक ओल धरतो. पावसाळ्यात बरणी नीट बंद नसेल तर खडे चिकटून गठ्ठा होतो, हे इथल्या कुठल्याही किराणावाल्याला माहीत आहे. शिवाय झाड आणि हंगाम बदलला की डिंकाचा दाटपणा बदलतो, जंतूंचे प्रमाणही. त्यामुळे प्रत्येक लॉट वेगळा मोजावा लागतो आणि आवरण दिलेली गोळी ४० अंश, ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने ठेवून पाहावी लागते.