मर्सिडीज-बेंझ ई-क्लास

मर्सिडीज-बेंझ ई-क्लास : जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीची मोठ्या सेडान गाड्यांची मालिका. कंपनीच्या उतरंडीत ती सी-क्लासच्या वर आणि एस-क्लासच्या खाली येते. ‘ई-क्लास’ हे नाव १९९३चे, पण घराणे त्याहून चाळीस वर्षे जुने. साहेबाची गाडी आणि भाड्याची टॅक्सी ही एकच असावी, हे आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. जर्मनीत मात्र रेल्वे स्टेशनाबाहेर फिकट हस्तिदंती रंगाच्या मर्सिडीज टॅक्सींची रांग ही रोजची गोष्ट होती. १९७१ पासून टॅक्सीला तो रंग नियमानेच ठरवून दिलेला होता. त्याच रांगेशेजारून डॉक्टर, वकील, कारखानदार तीच गाडी दुसऱ्या रंगात घेऊन जात. या मालिकेची पारख करायची तर तिच्या श्रीमंत गिऱ्हाइकाआधी टॅक्सीवाल्याला विचारावे.

पिढ्या कुठून मोजायच्या यावर एकमत नाही. नाव धरले तर १९८४ची, पुढे १९९३ मध्ये हे नाव मिळालेली डब्ल्यू १२४ (‘डब्ल्यू’ आणि आकडा हा कंपनीचा प्रत्येक पिढीसाठीचा अंतर्गत संकेत) ही पहिली पिढी ठरते. गाडीची जागा आणि काम धरले तर १९५३च्या ‘पोंटोन’ गाडीपर्यंत मागे जावे लागते, आणि तेच जास्त पटते. पोंटोनमध्ये वेगळी चौकट आणि तिच्यावर बसवलेला सांगाडा ही जुनी पद्धत सोडून एकसंध सांगाडा आला. पुढची पिढी १९६१ची, मागच्या बाजूला छोटे पंख असलेली. अपघातात गाडीचे पुढचे-मागचे टोक चेपले जावे, म्हणजे धक्का तिथेच जिरेल आणि मधला माणसांचा कप्पा शाबूत राहील, ही बेला बारेन्यी या अभियंत्याची कल्पना १९५९ मध्ये मोठ्या मर्सिडीजमध्ये उतरली आणि तिथून या धाकट्या गाडीत आली. आज ती साऱ्या मोटारींत असते.

१९६८ साली आलेल्या गाडीला जर्मन लोक वर्षावरून ‘श्ट्रिख आख्ट’, म्हणजे तिरकी रेघ आणि आठ, म्हणत. सहा सिलिंडरांची ती डब्ल्यू ११४ आणि चार सिलिंडरांची डब्ल्यू ११५. १९७६ पर्यंत दोन्ही मिळून सुमारे १९ लाख गाड्या निघाल्या. प्रवासी गाडीत डीझेल इंजिन घालण्याची मर्सिडीजची परंपरा १९३६च्या २६० डी पासूनची. १९७४ मध्ये याच डब्ल्यू ११५ मध्ये पाच सिलिंडरांचे डीझेल इंजिन आले. मालिका-उत्पादनातल्या प्रवासी गाडीत ते पहिलेच. चाराचे पाच सिलिंडर केल्याने कंपने कमी झाली, हे टॅक्सीत दिवसभर बसणाऱ्याला लगेच कळले असणार. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली. इंजिने आळीपाळीने उतरवून, दुरुस्त करून पुन्हा चढवत त्याने हा पल्ला गाठला. २००४ मध्ये ती गाडी कंपनीच्या संग्रहालयात गेली.

या डीझेल गाड्या सुरू करणे हा छोटा विधीच होता. थंड इंजिनात डीझेल आपोआप पेटत नाही. सिलिंडरातला हीटर प्लग आधी तापवावा लागतो. डॅशबोर्डवरचा खटका ओढून धरायचा आणि एका छोट्या जाळीआडची तार लाल होण्याची वाट बघायची. ती लाल झाली की खटका आणखी ओढायचा, मग इंजिन खडखडत जागे व्हायचे. या थांबण्याला जर्मन चालकांनी थट्टेने ‘रुडॉल्फ डीझेल स्मृती-मिनिट’ असे नाव दिले होते. शोधकाला श्रद्धांजली वाहून मगच कामाला लागायचे.

जानेवारी १९७६ मध्ये डब्ल्यू १२३ आली. टिकाऊपणाचा विषय निघाला की आजही हिचेच नाव पुढे येते. सुरुवातीला मागणी इतकी होती की नवी गाडी मिळायला वर्षाहून अधिक थांबावे लागे, आणि थोडी वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई. सर्वांत स्वस्त डीझेल, २०० डी, फक्त ५५ अश्वशक्तीची होती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला तिला ३१ सेकंद लागत. ओव्हरटेक करायचा तर आधी ठरवावे लागे. पण तिला कोणी वेगासाठी घेतच नव्हते. याच पिढीत १९७७ मध्ये मर्सिडीजची कारखान्यातच बनलेली पहिली स्टेशन वॅगन दाखवली गेली. तोवर अशा गाड्या बाहेरचे सांगाडेवाले बनवून देत. १९८० मध्ये ब्रेक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि १९८२ मध्ये चालकासाठी एअरबॅग जादा पैसे देऊन मिळू लागली. १९८६ पर्यंत सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात त्यांतल्या कितीतरी पुढे अनेक वर्षे टॅक्सी म्हणून राबल्या.

डब्ल्यू १२४ ही या घराण्यातली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली गाडी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८४च्या अखेरीस ती आली. कंपनीचे मुख्य रचनाकार ब्रूनो साको यांच्या देखरेखीखाली आखलेला सांगाडा हवा कापण्यात त्या काळच्या मानाने फार पुढे होता. काही प्रकारांचा वायुरोध गुणांक ०.२९ इतका खाली गेला. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी स्वतंत्र धरून ठेवणारे सस्पेन्शन होते. डोळ्यांत भरतो तो तिचा एकुलता एक वायपर. साधा वायपर अर्धवर्तुळात फिरतो आणि काचेचे वरचे कोपरे ओलेच राहतात. हा फिरता फिरता लांब होतो, कोपऱ्याकडे हात पसरल्यासारखा जातो, मधे आला की पुन्हा आखडतो. त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. आणखी एक गंमत : हिचे बाजूचे दोन आरसे एका आकाराचे नाहीत. चालकाकडचा आडवा रुंद, दुसऱ्या बाजूचा जवळजवळ चौकोनी. प्रत्येक बाजूला जे दिसायला हवे त्याप्रमाणे आरसा कापला; जोडी जुळली नाही तर नाही जुळली.

१९९० मध्ये ५०० ई आली, ५ लिटरच्या, आठ सिलिंडरांच्या व्ही-८ इंजिनाची. तिच्या घडणीत शेजारच्या पोर्शे कंपनीचा हात होता. फुगवलेल्या चाककमानींमुळे ती मर्सिडीजच्या जिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या जोडणी-ओळीवर मावेना, आणि पोर्शेकडे त्या काळात काम कमी होते. म्हणून सांगाडा पोर्शेकडे, रंगासाठी परत मर्सिडीजकडे, पुढच्या जोडणीसाठी पुन्हा पोर्शेकडे, असा तिचा प्रवास चाले. एका गाडीला सुमारे १८ दिवस लागत. अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या.

नावातल्या ‘ई’ची गोष्ट वेगळीच आहे. ‘३०० ई’ मधले ई हे अक्षर जर्मन ‘आइनश्प्रित्सुंग’ या शब्दाचे, म्हणजे पेट्रोल फवारणीच्या इंजिनाचे. कार्बुरेटर इतिहासजमा होऊन सारीच इंजिने फवारणीची झाल्यावर या अक्षराला अर्थ उरला नाही. १९९३ मध्ये कंपनीने ते आकड्याच्या मागून पुढे आणले, आणि त्याचेच मालिकेचे नाव झाले.

महाराष्ट्राशी या गाडीचा संबंध इथून सुरू होतो. १९५४ पासून टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) मर्सिडीजची मालक कंपनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवले होते. तो करार १९६९ मध्ये संपला. पुढे १९९४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी पुण्यात संयुक्त कंपनी काढली, आणि १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४ची जोडणी सुरू झाली. भारतात जोडलेली ही पहिली मर्सिडीज मोटार. त्याआधी इथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या मर्सिडीज बहुधा आयात केलेल्या किंवा वकिलातींच्या वापरातून विकलेल्या असत. पण ज्या वर्षी पिंपरीत ही गाडी बनू लागली त्याच वर्षी युरोपात तिच्या जागी पुढची पिढी आली होती. परदेशी वारी करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक कळत होता, आणि विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहिली. २००९ मध्ये कारखाना चाकणला स्वतःच्या जागेत गेला.

१९९५ची डब्ल्यू २१० चार लंबगोल हेडलाइटांमुळे लांबूनही ओळखू येते. स्टिअरिंगची जुनी बॉल-नट रचना जाऊन रॅक-पिनियन आली आणि गाडी वळणावर हलकी वाटू लागली. १९९८ मध्ये सीडीआय, म्हणजे उच्च दाबाने थेट सिलिंडरात इंधन फवारणारे डीझेल इंजिन आले. मात्र पत्र्याने घराण्याचे नाव घालवले. चाककमानी, दारांच्या कडा इथे गंज लवकर धरू लागला. ज्या गाडीची आई तीस वर्षे टिकली तिची ही अवस्था पाहून जुने मालक हळहळले.

डब्ल्यू २११ (२००२) मध्ये दुखणे ब्रेकचे होते. पायाखालच्या पेडलवरचा दाब संवेदकाने मोजायचा आणि संगणकाने प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा लावायचा, अशी तिची ‘सेन्सोट्रॉनिक’ यंत्रणा. ती बिघडली तर फक्त पुढच्या चाकांचा साधा ब्रेक उरे. पेडल खूप खोल आणि जोरात दाबावे लागे. फार पळणाऱ्या गाड्यांत, म्हणजे मुख्यतः टॅक्सींत, तिचा पंप थकत असल्याचे दिसले. २००४ मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. २००५ मध्ये ब्रेक आणि विजेच्या तक्रारींसाठी आणखी १३ लाख गाड्यांना बोलावणे गेले. २००६ मध्ये मालिकेने नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक परत घेतले. नव्या कल्पनेचा कस टॅक्सीवाल्याकडेच लागतो, तो असा.

पुढच्या डब्ल्यू २१२ (२००९) मध्ये हेडलाइट कोनदार झाले आणि मागच्या चाकावर पोंटोनची आठवण म्हणून फुगवटा आला. डब्ल्यू २१३ (२०१६) दिसायला सी आणि एस-क्लासची मधली बहीण. डॅशबोर्डवर एकाच काचेमागे चालकाला दोन रुंद डिजिटल पडदे मिळाले, नऊ गिअर आले. २०२३ मध्ये डब्ल्यू २१४ जाहीर झाली.

भारतात या गाडीचे काम पहिल्यापासून उलटे आहे. इथे मालक मागे बसतो आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असते. म्हणून २०१७ मध्ये चाकणहून डब्ल्यू २१३चा लांबवलेला प्रकार आणला गेला : पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १४० मिलिमीटरने जास्त, आणि ती सगळी जागा मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांपुढे. चीनसाठी अशी लांब गाडी आधीपासून बनत होती. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची पहिली भारतात आली. २०२४ मध्ये डब्ल्यू २१४ही इथे लांबच आली, चाकांमधले अंतर ३,०९४ मिलिमीटर. तिच्या इंजिनांत पेट्रोलबरोबर २ लिटरचे डीझेल अजून आहे. २०० डीला जिथे ३१ सेकंद लागत, तो ताशी १०० किलोमीटरचा वेग हे डीझेल आठ सेकंदांच्या आत गाठते, आणि हीटरची तार लाल होण्याची वाट कोणाला पाहावी लागत नाही.