न्यूझीलंडच्या गव्हर्नर-जनरलकडे जाणारे अर्ज : सही त्यांची, पण कागद द्यायचा कुठे?

वेलिंग्टनच्या गव्हर्नमेंट हाउसला व्हिसाची, सरकारी घराची किंवा एखाद्या खात्याची तक्रार लिहून पाठवली, तर ती संबंधित मंत्र्याकडे वळवली जाते आणि गव्हर्नर-जनरलचा त्यातला भाग तिथेच संपतो. राजाचा प्रतिनिधी म्हणजे सगळ्यांत वरचे साहेब, त्यांच्या कानावर घातलं की खालचे हलतील, हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालत नाही. तरीही काही कागद असे आहेत, ज्यांच्यावर शेवटचं नाव खरोखर गव्हर्नर-जनरलचं असतं. ते कोणते, त्यांना पात्र कोण, सोबत काय जोडायचं आणि मुळात अर्ज कोणत्या दारात द्यायचा, ते इथे सांगतो. न्यूझीलंडमधल्या मराठी कुटुंबांना यातल्या दोन-तीन गोष्टींशी तरी कधीतरी संबंध येतोच.

आधी पद समजून घ्या

न्यूझीलंडचे राष्ट्रप्रमुख राजे चार्ल्स तिसरे. ते राहतात इंग्लंडात, म्हणून न्यूझीलंडमधलं त्यांचं काम गव्हर्नर-जनरल बघतात. या पदाचा आधार म्हणजे १९८३ची राजसनद आणि १९८६चा कॉन्स्टिट्यूशन ॲक्ट. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक त्यांच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. संसद बोलावणं, विसर्जित करणं, पंतप्रधान आणि मंत्री नेमणं ही कामंही त्यांचीच. मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्ट मंत्र्यांच्या सल्ल्यानं होते.

२०१७ची निवडणूक आठवा. २३ सप्टेंबरला मतदान झालं, एकाही पक्षाला बहुमत मिळालं नाही. त्या वेळच्या गव्हर्नर-जनरल डेम पॅट्सी रेडी यांनी कोणालाही चहाला बोलावून सरकार जुळवलं नाही. पक्ष आपापसात बोलत बसले, १९ ऑक्टोबरला न्यूझीलंड फर्स्ट पक्षाचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी आपण लेबर पक्षाबरोबर जात असल्याचं जाहीर केलं आणि २६ ऑक्टोबरला जसिंडा आर्डर्न यांच्या सरकारचा शपथविधी झाला. २०१९चा मुंबईच्या राजभवनातला ‘पहाटेचा शपथविधी’ टीव्हीवर पाहिलेल्यांना हे भलतंच सपक वाटेल. पण पद असंच चालावं अशी तिथली अपेक्षा आहे.

या पदासाठी अर्ज करता येत नाही, जाहिरात निघत नाही. पंतप्रधान नाव सुचवतात, राजे नेमणूक करतात, आणि मुदत रिवाजानुसार पाच वर्षांची असते. डेम सिंडी किरो यांनी २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शपथ घेतली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या माओरी महिला. त्यांच्या आधी २००६ ते २०११ या काळात सर आनंद सत्यानंद गव्हर्नर-जनरल होते. जन्म ऑकलंडचा, आईवडील फिजीतले भारतीय वंशाचे. वकील, मग न्यायाधीश, मग ओम्बड्समन (सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) असा त्यांचा प्रवास.

एखाद्या विधेयकाला विरोध असेल तर ‘सही करू नका’ म्हणून गव्हर्नर-जनरलना साकडं घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा संसदेकडे याचिका द्या. ती ऑनलाइन देता येते आणि एका माणसाच्या सहीवरसुद्धा चालते. नागरिकत्वाचा अर्जही यांच्याकडे नसतो, तो डिपार्टमेंट ऑफ इंटर्नल अफेअर्सकडे, म्हणजे अंतर्गत व्यवहार खात्याकडे द्यायचा. शेवटच्या पाच वर्षांत किमान १,३५० दिवस आणि त्यातल्या प्रत्येक वर्षात किमान २४० दिवस देशात राहिलेलं असावं लागतं. समारंभात शपथ मात्र ‘किंग चार्ल्स द थर्ड, किंग ऑफ न्यूझीलंड’ यांच्याशी निष्ठेची घ्यावी लागते. हे शब्द ऐकून काही जण ऐन वेळी अवघडतात, म्हणून आधीच वाचून ठेवा.

जस्टिस ऑफ द पीस व्हायचं असेल तर

पासपोर्टची झेरॉक्स प्रमाणित करायला, शपथपत्रावर सही घ्यायला आपण वाचनालयात ज्या जेपींपुढे (जस्टिस ऑफ द पीस) रांग लावतो, त्यांची नेमणूक गव्हर्नर-जनरल करतात. शिफारस न्यायखात्याच्या मंत्र्यांची. जेपी या कामाचा एक सेंटही घेऊ शकत नाहीत, त्यामुळे ही हौस समाजकार्याची आहे, हे डोक्यात पक्कं असू द्या.

इथे गंमत अशी की अर्ज गव्हर्नर-जनरलकडेही नाही आणि थेट न्यायखात्याकडेही नाही. तुम्ही राहता त्या मतदारसंघाच्या खासदारानं तुमचं नाव सुचवावं लागतं. म्हणजे पहिली पायरी खासदाराच्या स्थानिक कार्यालयाची. तिथे जाताना समाजात काय काम केलंय ते सांगणारी माहिती आणि एखाद्या संस्थेचं पाठिंब्याचं पत्र बरोबर ठेवा. मंडळ, देऊळ, शाळेची पालक समिती, क्रिकेट क्लब, काहीही चालेल. ‘त्या भागात आणखी जेपी कशाला हवेत’ हा प्रश्न येणारच. मराठी, हिंदी, गुजराती बोलता येत असेल तर ते इथे ठळकपणे सांगा. आजीच्या कागदावर सही घेताना तिला त्यात काय लिहिलंय ते समजावून सांगणारा माणूस ही खरी गरज असते. पुढे चारित्र्याची पडताळणी, जेपी संघटनेकडून मुलाखत आणि प्रशिक्षण होतं. नेमणूक झाल्यावर न्यायाधीशांपुढे शपथ. सगळ्याला बरेच महिने लागतात.

सन्मानासाठी एखाद्याचं नाव सुचवणं

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

न्यूझीलंडचे सन्मान वर्षातून दोनदा जाहीर होतात. एकदा नवीन वर्षाला आणि एकदा जूनच्या पहिल्या सोमवारी, राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला. सगळ्यात मोठा ऑर्डर ऑफ न्यूझीलंड. त्याचे हयात साधारण (म्हणजे मानद नसलेले) सदस्य २० पेक्षा जास्त असू शकत नाहीत. त्याखाली १९९६ साली सुरू झालेला न्यूझीलंड ऑर्डर ऑफ मेरिट. त्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि वरच्या दोन पायऱ्यांवर ‘सर’ किंवा ‘डेम’ लागतं. २००० साली या पदव्या बंद केल्या होत्या, २००९ मध्ये परत आणल्या. वर्षानुवर्षं समाजासाठी झटणाऱ्यांना बहुधा सर्व्हिस मेडल मिळतं. मराठी मंडळात राबणाऱ्या एखाद्या काका-काकूंचा विचार करत असाल, तर बहुतेक याच्याच आसपास.

समारंभात छातीवर पदक लावतात गव्हर्नर-जनरल, त्यामुळे नाव त्यांच्याकडेच पाठवायचं असा समज होतो. प्रत्यक्षात शिफारस जाते पंतप्रधान व मंत्रिमंडळ कार्यालयातल्या ऑनर्स युनिटकडे. ते छाननी करतात, मंत्रिमंडळाची समिती यादी बघते, पंतप्रधान ती राजांना सादर करतात. कोणती पायरी द्यायची हेही तेच ठरवतात. तुम्ही ‘यांना सरच करा’ असं लिहून काही साधत नाही.

नाव कोणीही सुचवू शकतं, फक्त स्वतःचं नाही. व्यक्ती हयात असावी. साधारण सदस्य म्हणून न्यूझीलंडचे नागरिक, किंवा चार्ल्स ज्या देशांचे राजे आहेत त्या देशांचे नागरिक घेतले जातात. भारत प्रजासत्ताक असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला मानद सदस्यत्वच मिळू शकतं. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) वीस वर्षांचा असला तरी पासपोर्ट कोणता, ते आधी बघा.

कागद फार नाहीत. भरलेला अर्ज, कामाचा तपशील सालवार, आणि त्या कामाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या लोकांची पाठिंब्याची पत्रं. अडतं ते मजकुरापाशी. आपल्याला मानपत्र लिहायची सवय. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, सदैव हसतमुख आणि समाजासाठी अहोरात्र झटणारे व्यक्तिमत्त्व’ असं इंग्रजीत उतरवलं की छाननी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘२००८ पासून दर शनिवारी मराठी वर्ग चालवतात, सुरुवातीला स्वतःच्या गॅरेजमध्ये, आता कम्युनिटी हॉलमध्ये, वर्ग मोफत, बदली शिक्षक तयार केले, कोविडच्या काळात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना डबे पोचवले.’ कधी, कुठे, किती वर्षं, कोणाचा फायदा झाला आणि हे पगारी नोकरीच्या पलीकडचं होतं का, एवढं आलं पाहिजे. पाठिंब्याची सगळी पत्रं मंडळाच्या एकाच कार्यकारिणीतून आलेली नकोत. एखादं पत्र स्थानिक शाळेच्या मुख्याध्यापकांचं किंवा हॉस्पिसचं (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेचं) असेल, तर त्याचं वजन वेगळं पडतं.

आणि कृपा करून त्या व्यक्तीला सांगू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. सगळं गोपनीय असतं. निवड झाली तर जाहीर करण्याआधी त्यांनाच पत्र जातं की सन्मान स्वीकारणार का. झाली नाही तर बोभाटा होत नाही. तुम्ही आधीच पेढे वाटले असतील तर होतो.

दयेचा अर्ज

याची गरज कोणाला पडू नये, पण माहिती असावी. गुन्ह्यात शिक्षा झाली आणि अपिलाचे सगळे रस्ते संपले, तरी राजाच्या दयेच्या अधिकाराखाली गव्हर्नर-जनरलकडे लेखी अर्ज करता येतो. गव्हर्नर-जनरल माफी देऊ शकतात किंवा शिक्षा कमी करू शकतात, पण इथेही सल्ला न्यायमंत्र्यांचा. अर्जात नुसती गयावया चालत नाही. न्यायालयापुढे न आलेला पुरावा काय आहे, तो आधी का आला नाही, निकालात चूक नेमकी कुठे झाली, हे मांडावं लागतं आणि निकालपत्रं, शपथपत्रं जोडावी लागतात.

या अधिकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आर्थर ॲलन थॉमस यांचं. पुकेकावा इथे १९७० साली झालेल्या क्रू दांपत्याच्या खुनासाठी या शेतकऱ्याला दोन खटल्यांत दोषी ठरवलं होतं. त्यांना माफी मिळाली डिसेंबर १९७९ मध्ये, गव्हर्नर-जनरल सर कीथ होलिओक यांच्या सहीनं. पुढे १९८०च्या चौकशी आयोगानं निष्कर्ष काढला की पुराव्यातलं रिकामं काडतूस पोलिसांनीच बागेत पेरलं होतं.

आता मात्र ‘चुकीचा निकाल लागला’ असं म्हणणं असेल तर आधीचा दरवाजा दुसरा आहे. १ जुलै २०२० पासून हॅमिल्टनमध्ये क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशन काम करतं. तिथे अर्जाला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि कमिशनला पटलं तर ते प्रकरण पुन्हा अपील न्यायालयात पाठवतं.

शंभरी आणि साठीचा शुभेच्छासंदेश

सगळ्यांत आनंदाचा अर्ज हा. १०० वा, १०५ वा आणि त्यापुढचा प्रत्येक वाढदिवस. लग्नाला ६०, ६५, ७० आणि त्यापुढचं प्रत्येक वर्ष, अशा प्रसंगी राजांकडून शुभेच्छा येतात. त्या आपोआप येत नाहीत, घरच्यांनी मागाव्या लागतात. न्यूझीलंडमध्ये हे काम पुन्हा डिपार्टमेंट ऑफ इंटर्नल अफेअर्स बघतं. तारखेच्या बऱ्याच आधी अर्ज द्या आणि सोबत जन्माचा किंवा लग्नाचा पुरावा लावा.

आपली गाडी अडते ती या पुराव्यापाशी. गावात जन्मलेल्या कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून. घरात वाढदिवस दसऱ्याच्या आसपास होत असेल, पण अर्जात कागदावरची तारीखच घाला. पासपोर्ट, पीआर आणि अर्ज तिन्हीकडे एकच तारीख हवी.

लग्नाच्या बाबतीत आणखी एक पेच. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नांची नोंदणी अनेकदा झालेलीच नसते, हाती असते ती फक्त पत्रिका. शिवाय पत्रिकेवर ‘चि. सौ. कां. सुमन’ आणि पासपोर्टवर ‘वैशाली’, कारण सासरी नाव बदललं. अशा वेळी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र करून घ्या आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. महाराष्ट्रात कोणी जवळचं असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जुनी नोंद सापडते का, ते त्यांना आधी बघायला सांगा. त्याला वेळ लागतो, त्यामुळे लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाची तयारी एकोणसाठाव्यालाच सुरू केलेली बरी.