गांजामिश्रित खाद्यपदार्थांसह जप्त झालेले वाहन परत मिळवण्यासाठी अर्ज कोणी व कसा करावा

गांजा घातलेल्या ब्राउनी किंवा चॉकलेटे पकडली गेली, की मालाबरोबर ती वाहून नेणारी रिक्षा, टेम्पो किंवा दुचाकीही जप्त होते, आणि मालक त्या वेळी गाडीत नसला तरी एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांविरोधातील कायदा) च्या कलम ६० नुसार ती सरकारजमा होऊ शकते.

गुन्ह्याचे गांभीर्य वजनावर ठरते आणि खाद्यपदार्थांच्या बाबतीत लोकांचा अंदाज नेमका इथेच चुकतो. गांजाचे १ किलोपेक्षा कमी वजन हे अल्प प्रमाण आणि २० किलोपेक्षा जास्त हे व्यापारी प्रमाण मानले जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी असा निर्णय दिला, की केवळ अमली द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. साठ-साठ ग्रॅमच्या ४० ब्राउनींचा एक ट्रे २ किलो ४०० ग्रॅम भरतो. त्यात गांजा मूठभर असला तरी मैदा, लोणी आणि साखरेसह सगळे वजन धरले, तर एक वर्षापर्यंतच्या कैदेचे प्रकरण दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीवर आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडावर जाते. गांजाऐवजी चरस निघाला, तर तोच ट्रे व्यापारी प्रमाणात मोडतो, किमान शिक्षा दहा वर्षांची होते आणि कलम ३७ मुळे जामीनही अवघड होतो.

वाहनाचा ताबा मागण्याचा अर्ज विशेष न्यायालयात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४९७ किंवा ५०३ खाली केला जातो. एनडीपीएस प्रकरणात गाडी खटला संपेपर्यंत सुटतच नाही, हा समज बिश्वजित डे खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या निकालाने दूर केला. गाडी चोरीला गेलेली असताना माल सापडला, किंवा माल एखाद्या प्रवाशाकडे सापडला आणि दोषारोपपत्रात मालक वा चालकावर आरोप नाही, अशा वेळी ती सर्वसाधारणपणे सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बंधपत्र घेऊन तात्पुरत्या ताब्यात, सोडावी, असे त्यात म्हटले आहे. मालक किंवा त्याचा चालक स्वतः आरोपी असेल, तर मात्र आपल्याला माहिती नव्हती आणि आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो आणि तोपर्यंत गाडी सहसा मिळत नाही.

अर्जदार आरसीवर नाव असलेली व्यक्तीच असावी. जुनी गाडी घेऊन नाव बदलायचे राहून गेलेल्यांची पंचाईत इथे होते, कारण कागदोपत्री गाडी अजून दुसऱ्याचीच असते. अर्जासोबत वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, एफआयआर व जप्ती पंचनाम्याच्या प्रती, आरसी, विमा, व्यावसायिक वाहन असल्यास परमिट आणि फिटनेस प्रमाणपत्र, तसेच अर्जदाराचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा जोडावा. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्रही घेऊन ठेवावे. खरा भर मात्र वेगळ्याच कागदांवर असतो, आणि अनेक अर्जांत नेमके तेच नसतात: त्या फेरीची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) किंवा ॲपवरील बुकिंग, पार्सल पाठवणाऱ्याची नोंद, जीपीएसचा तपशील, चालकाला कामावर ठेवताना घेतलेली कागदपत्रे. ‘मला काही माहीत नव्हते’ या एका वाक्यापेक्षा ‘घरगुती केक’ असे लिहून सही केलेली पार्सलची पावती न्यायालयाला जास्त सांगते.

अर्ज दाखल झाल्यावर सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवले जाते. अर्ज मंजूर झाल्यास गाडीचे फोटो आणि चित्रीकरण होते, तिची किंमत ठरते आणि मालकाला बंधपत्र द्यावे लागते: न्यायालय सांगेल तेव्हा गाडी हजर करीन, आणि शेवटी ती सरकारजमा करण्याचा आदेश झाला तर ठरलेली किंमत भरीन. खटला चालू असेपर्यंत ती विकता येणार नाही, अशी अट सहसा घातली जाते.

आरोपी अज्ञात किंवा फरार असेल, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६३ नुसार जप्तीपासून एक महिना उलटल्याशिवाय, तसेच हक्क सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय, गाडी सरकारजमा करता येत नाही. म्हणून मालकाने आपला दावा त्या महिन्याच्या आतच लेखी नोंदवावा.