वाट पाहण्याचं शास्त्र

गोव्यात वैजीण आता आजीच्या आठवणींतच भेटते. वैजीण म्हणजे सुईण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली 99 टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. अभिमान वाटावा असाच आकडा. पण त्याच पाहणीत जवळपास 40 टक्के बाळंतपणं सिझरची होती. देशाची सरासरी 21.5. पेडण्याची असो वा काणकोणची, बाई दवाखान्यात पोचते, डॉक्टरही भेटतो. मग सुईण हवी कशाला?

थांबायला. कळा चालतात त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर. बाई घाबरली, अनोळखी गराड्यात एकटी पडली की अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. कळा मंदावल्या की घड्याळाकडे नजरा जातात. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं, हा दंडक कित्येक वर्षं लेबर रूमच्या भिंतीवरच्या तक्त्यांत बसलेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये तो मोडीत काढला: कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा, आणि आई-बाळाची तब्येत ठीक असेल तर केवळ वेग कमी म्हणून हस्तक्षेप करू नका. हे थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. बाळाचे ठोके ऐकायचे, बाईला चालतं-फिरतं ठेवायचं, कूस बदलायला लावायची, आणि काही बिनसतंय हे वेळेत ओळखायचं. शिकल्याशिवाय ते येत नाही.

एकाच सुईणीने किंवा सुईणींच्या छोट्या गटाने गरोदरपणापासून सोबत केली तर काय होतं, हे 17 हजारांवर बायकांवरच्या 15 तुलनात्मक चाचण्यांतून 2016 मध्ये पडताळलं गेलं. चिमटा-व्हॅक्यूमची बाळंतपणं घटली, अपुऱ्या दिवसांची बाळंही. सिझर मात्र तिथे ठळकपणे घटले नव्हते, आणि चाचण्या साऱ्या श्रीमंत देशांतल्या होत्या. तेव्हा सुईण आली की 40 चे 20 होतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता कायदा. 1947 च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याने नर्स आणि सुईण एकाच दावणीला बांधल्या, आणि सुईण नर्समध्ये विरघळून गेली. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राने नोंदणीकृत नर्सला 18 महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन, साधी बाळंतपणं तिच्याच हाती सोपवणारे कक्ष काढायचं ठरवलं. 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. जुना कायदा जाऊन देशपातळीवर आयोग, राज्यांत राज्य आयोग, शिक्षण आणि नोंदणीला वेगळी मंडळं, अशी ही रचना. नावात 'मिडवायफरी' आली हेही थोडं नव्हे.

पण पदवी आणि नोंदवही म्हणजे अधिकार नव्हे. न्यूझीलंडने 1990 मध्ये कायदा दुरुस्त करून सुईणीला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय बाळंतपण करायची, औषधं लिहून द्यायची मुभा दिली आणि तिचं मानधनही सरकारी तिजोरीतून सुरू केलं. आज तिथल्या बहुतेक बायका सुईणच निवडतात. आपल्याकडची सगळी भिस्त नियमांच्या बारीक अक्षरांवर राहील. वाळपईच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता सहा सेंटिमीटरवर रेंगाळलेल्या बाईपाशी अजून दोन तास थांबायचं, की बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे गाडी काढायची, हे ठरवून केसपेपरवर सही कोण करणार?